ॲट्किन्सबाईंचें निळें पुस्तक

लहानपणीं पिंपळाचें पान पुस्तकांत जपून ठेवलें नाहीं, असा मनुष्य आमच्या वाचकांत विरळाच असेल. कित्येक महिन्यांनीं तें पुस्तक उघडावें, तों पान सुकून हलकें झालेलें असे, आणि त्याच्या दोहों बाजूंच्या कागदांवर एक पिवळसर डाग उमटलेला असे. त्या डागांत पानाची निमुळती शेपटी, देठ, मधली शीर, सारें ओळखूं येई. हें चित्र कोणीं काढलें, असा प्रश्न त्या वयांत आम्हांस पडला नाहीं. पडला असता तर उत्तर देणें कठीण गेलें असतें. हातानें तें कोणीं काढलें नव्हतें. पानानेंच आपली खूण मागें ठेवली होती. आम्हीं फक्त पुस्तक मिटलें होतें.

प्रश्न पोरकट दिसतो खरा. परंतु मुद्रणकलेच्या इतिहासांत तो एकदां मोठ्या गंभीरपणें पुढें आलेला आहे. इंग्लंडांतील केंट परगण्यांत राहणाऱ्या ॲना ॲट्किन्स नांवाच्या बाईंनीं इ. स. १८४३ पासून १८५३ पर्यंत दहा वर्षें खपून ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शेवाळांचें एक सचित्र पुस्तक सिद्ध केलें. त्याच्या पुऱ्या प्रतींत सुमारें ४०० पानें आहेत, आणि त्यांतील एकाहि पानास छापखान्याची शाई लागलेली नाहीं. छायाचित्रांनीं युक्त असें जगांतील पहिलें पुस्तक तें हेंच, असें आज बहुतेक जाणते मानतात. तथापि बाईंनीं त्यावर आपलें नांव घातलें नाहीं, आणि पुढें त्यांची स्मृति इतकी पुसट झाली कीं, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षें लोटण्याच्या आंतच हें पुस्तक कोणाचें, याबद्दल तर्क लढविण्याची पाळी आली. ठसा वस्तूकडूनच उमटवून घेण्याची त्यांची रीति आणि त्यांच्या नांवाचा हा लोप, या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध आहे, असें आम्हांस वाटतें.

ॲनाचा जन्म १६ मार्च १७९९ रोजीं टन्ब्रिज येथें झाला. पुढच्याच वर्षीं तिची आई वारली, आणि ती बापाच्या सहवासांत वाढली. हे वडील, जॉन जॉर्ज चिल्ड्रेन, सधन घराण्यांतले आणि शास्त्रांचे मोठे नादी होते. रसायन, खनिजें, कीटक, शंखशिंपले, कोणताहि विषय त्यांस वर्ज्य नव्हता. घरच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं एक प्रचंड विद्युत्‌घटमाला उभारली होती, आणि हंफ्री डेव्हीसारखा रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या घरीं येत असे. १८१६ त घराण्याची पेढी बुडाली, आणि चिल्ड्रेन यांस ब्रिटिश म्यूझियममध्यें नोकरी धरावी लागली. मुलींस विश्वविद्यालयाचे दरवाजे तेव्हां बंद होते. रॉयल सोसायटीनें तर स्त्रियांस सभासद म्हणून निवडण्यास १९४५ साल उजाडूं दिलें. ॲनाचें विश्वविद्यालय म्हणजे बापाचें टेबल. चिल्ड्रेन यांनीं लामार्कच्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथाचें भाषांतर केलें, तें १८२२ ते १८२४ च्या दरम्यान प्रसिद्ध झालें. त्यांतील खोदचित्रांसाठीं ॲनानें २५६ चित्रें काढून दिलीं.

ही २५६ ची संख्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी अशी आमची विनंति आहे. पुढें ज्या बाईंनीं पेन्सिल खालीं ठेवली, त्यांस चित्र काढतां येत नव्हतें म्हणून ती ठेवली, असा समज कोणाचा होऊं नये. शंखावरील वळी, शिंपल्याची धार, छायाप्रकाश, हें सर्व त्यांनीं तरुणपणींच हस्तगत केलें होतें.

१८२५ त तिचें लग्न जॉन पेली ॲट्किन्स यांच्याशीं झालें, आणि ती केंटमधीलच हाल्स्टेड प्लेस येथें राहावयास गेली. मूलबाळ झालें नाहीं. सासरे वेस्ट इंडीजशीं व्यापार करणारे बडे व्यापारी, लंडनचे एके काळचे लॉर्ड मेयर. तो व्यापार गुलामांच्या श्रमांवर उभा होता, हें येथें सांगितलेंच पाहिजे. बाईंच्या चिकाटीचें कौतुक आम्ही पुढें करणार आहों; पण दहा वर्षें उन्हांत कागद धरून बसण्याची निश्चिंती ज्या पैशानें मिळते, तो पैसा कोठल्या वाटेनें घरांत आला हें विसरून केलेलें कौतुक खोटें ठरेल.

आतां शेवाळाकडे वळूं. शंख टेबलावर ठेवला तर महिनोन्‌महिने आपला आकार धरून राहतो. चित्रकारास सवड देतो. शेवाळाचें तसें नाहीं. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं जो फिरला असेल, त्यास हें सांगावयास नको. खडकांमधील डबक्यांत तें लहानशा झाडाप्रमाणें उभें असतें; त्याच्या फांद्या, उपफांद्या आणि केंसाहून बारीक तंतु पाण्याबरोबर हलत असतात. कौतुकानें उचलून हातांत घ्यावें, तों त्याचा ओला, बुळबुळीत गोळा होतो. पाणी हाच त्याचा सांगाडा. त्यास पुन्हां रूपास आणावयाचें तर उथळ परातींत पाणी घेऊन त्यांत तें सोडावें लागतें. तें आपोआप पसरलें कीं खालून कागद सरकवावयाचा, सुईनें किंवा ब्रशानें एकेक तंतु मोकळा करावयाचा, आणि कागद तिरपा धरून हळूच वर घ्यावयाचा. मग वर फडकें घालून दडपणाखालीं सुकवावयाचें. पुष्कळशीं शेवाळें अंगच्या चिकट रसानेंच कागदास धरून बसतात.

हें कसब त्या काळच्या इंग्रज बायकांस चांगलें अवगत होतें. समुद्रकिनाऱ्यावर टोपली घेऊन फिरणें कुलीन स्त्रीस अशोभनीय मानीत नसत, आणि शेवाळें गोळा करतां करतां कित्येकींनीं ह्या विषयांत असा अधिकार मिळविला कीं, मोठमोठे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांस पत्रें लिहून शंका विचारीत. डेव्हनमधील अमीलिया ग्रिफिथ्स ह्या बाईंचें नांव यांत अग्रगण्य आहे. त्यांच्याच घरीं पूर्वीं नोकरीस असलेल्या मेरी वायट हिनें टॉर्की येथें दुकान घालून, १८३३ पासून, खरींखुरीं सुकविलेलीं शेवाळें पानोपानीं चिकटविलेले संग्रह विकावयास काढले. युक्ति उत्तम, पण प्रत्येक प्रतीसाठीं प्रत्येक जातीचें नवें रोप हुडकावयाचें, आणि तें दमटपणापासून व किडीपासून जपावयाचें. असे ग्रंथ किती निघणार!

अशा स्थितींत १८४१ त विल्यम हेन्री हार्वे यांचा ब्रिटिश शेवाळांवरील मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाला. वर्णनें काटेकोर, पण चित्रें नाहींत. शेवाळाच्या दोन जवळच्या जातींतील भेद केवळ शब्दांनीं सांगणें म्हणजे दोन जुळ्या बहिणींतील भेद पत्रानें कळविण्यासारखें आहे. हार्वेंच्या ग्रंथास सोबत म्हणून चित्रांचा एक संग्रह असावा, असें ॲट्किन्सबाईंच्या मनानें घेतलें. त्या १८३९ पासून लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीच्या सभासद होत्या. ही संस्था स्त्रियांस मज्जाव करीत नसे. शेवाळें त्यांच्याजवळ होतीं, आणखी मित्रमंडळी पाठवीत. हाल्स्टेड कांहीं समुद्राकांठीं नाहीं. समुद्रच पुडक्यांतून त्यांच्या घरीं येई. अडचण एकच होती. इतक्या सूक्ष्म वस्तूंचें बिनचूक चित्र हातानें काढणें दुरापास्त आहे, असें बाईंनीं प्रस्तावनेंत स्वतःच सांगितलें आहे, आणि तें २५६ शंखशिंपले काढलेल्या हाताचें मत आहे.

ह्या अडचणींतून वाट दाखविली ती सर जॉन हर्शेल यांनीं. हे प्रसिद्ध ज्योतिषी १८४० पासून केंटमध्येंच हॉक्हर्स्ट येथें राहत होते, आणि चिल्ड्रेन घराण्याशीं त्यांचा स्नेह होता. फोटोग्राफीची विद्या तेव्हां अगदीं बाल्यावस्थेंत होती. टॉल्बट यांनीं रुप्याच्या क्षारांनीं कागदावर प्रकाशचित्रें उमटविण्याची कृति १८३९ त जाहीर केली होती. हर्शेल यांनीं १८४२ त रुप्याऐवजीं लोखंडाचे क्षार वापरून दुसरी कृति शोधून काढली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन पदार्थ पाण्यांत विरघळवून एकत्र करावयाचे, मंद उजेडांत तें मिश्रण कागदावर फासावयाचें, आणि कागद अंधारांत वाळवावयाचा. त्यावर सुकविलेलें शेवाळ मांडून वर कांच दाबावयाची आणि उन्हांत ठेवावयाचें. जेथें ऊन लागतें तेथें लोखंडाच्या क्षारांत फरक पडून पाण्यांत न विरघळणारा गडद निळा रंग तयार होतो. जेथें शेवाळाची सावली पडते तेथें कांहींच घडत नाहीं. मग कागद साध्या पाण्यांत धुवावयाचा. सावलींतलें मिश्रण धुऊन जातें, तेथें पांढरा कागद उघडा पडतो, आणि भोंवतालचा निळा रंग वाळतां वाळतां अधिकच खुलतो. ना कॅमेरा, ना महाग रुपें. चित्र कायम करावयास विहिरीचें पाणी पुरतें.

पुढें हीच कृति इंजिनियर लोकांच्या हातीं गेली आणि घरांचे, पुलांचे, यंत्रांचे नकाशे तिनें उतरूं लागले. आपल्याकडील कचेऱ्यांतूनहि ते निळे कागद एके काळीं ढिगांनीं असत. कागद गेले, शब्द उरला. वर्तमानपत्रांत एखाद्या योजनेची 'ब्ल्यूप्रिंट' तयार झाल्याची बातमी वाचतांना, हा शब्द मुळांत रंगाचा आहे, हें आतां कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

ज्यास आपण मुद्राचित्र म्हणतों, त्याचा ठसा एरव्हीं दाबानें उठतो. लांकडाचा ठोकळा असो, तांब्याचा पत्रा असो, कीं आपल्या जुन्या पोथ्यापंचांगांच्या शिळाप्रेसचा दगड असो, प्रथम कोणी तरी त्यावर आकृति काढतो किंवा खोदतो, मग शाई, मग दाब. म्हणजे मूळ वस्तु आणि कागद यांच्यामध्यें चित्रकार, खोदणारा आणि छापणारा असे दोनतीन हात येतात, आणि प्रत्येक हात वस्तूंत आपलें थोडेंसें मिसळतो. ॲट्किन्सबाईंच्या पानांत वस्तूची सावली हाच ठसा. शेवाळ जेवढें, तेवढेंच चित्र. एका सुतानें लहान नाहीं, मोठें नाहीं. तंतु तुटलेला असेल तर तुटलेलाच उमटतो. जाड दांडा पांढराशुभ्र येतो, कारण त्यांतून प्रकाश मुळींच जात नाहीं. पातळ पडद्यासारख्या जातींतून प्रकाश थोडथोडा झिरपतो, म्हणून तेथें फिकट निळ्याच्या छटा पडतात, आणि पडदा जेथें दुमडला असेल तेथें ती दुमडहि दिसते. अशी पारदर्शकता पेन्सिलीनें साधावयास सिद्धहस्त चित्रकार पाहिजे, आणि तरीहि ती त्याची कल्पना ठरेल. येथें ती पुरावा आहे.

मग बाईंनीं केलें तरी काय? ऊन पडलें, पाण्यानें धुतलें, शेवाळानें आपली सावली दिली. करणारे सर्व दुसरे! हाच आक्षेप फोटोग्राफीवर पुढें कित्येक वर्षें घेण्यांत आला. आमच्या मतें तो वरवरचा आहे. शेवाळ पाण्यांत सोडून एकेक तंतु सुईनें मोकळा करणें हें रेखन नव्हे, तर काय? कोणती फांदी कोठें वळवावयाची, दोन तंतु एकमेकांवर पडूं द्यावयाचे कीं नाहीं, हें तेथें ठरतें. पानावर रोप कोठें मांडावयाचें, भोंवतीं कोरी निळाई किती सोडावयाची, खालीं नांवाची चिठी कोठें ठेवावयाची, हें सर्व बाईंच्या नजरेनें ठरे. एकाद्या पानावर एकच रोप मधोमध उभें असतें, जणूं त्याच्या मुळाशीं अजून खडक आहे. दुसऱ्यावर चारपांच बारीक रोपें अंतरा-अंतरानें मांडलेलीं असतात. आणि उन्हांतून कागद केव्हां उचलावयाचा, हें तर केवळ अनुभवाचें काम. केंटचें ऊन कांहीं आपल्या वैशाखांतलें नव्हे, ढग आला कीं हिशेब चुकला.

श्रमांचाहि विचार करावा. यंत्रावर एकदां जुळणी झाली कीं हजार प्रती निघतात. येथें प्रत्येक पान म्हणजे नवा कागद, नवें मिश्रण, नवें ऊन. आज ह्या पुस्तकाच्या लहानमोठ्या, पुऱ्याअपुऱ्या मिळून सुमारें वीस प्रती ठाऊक आहेत. पुऱ्या पंधराच धरल्या तरी ४०० पानांच्या हिशेबानें सहा हजार ठसे होतात! घरच्या नोकरांचे हात त्यास लागले असतीलच. तरी मांडणी आणि लेखन बाईंचें. एकच रोप पुनःपुन्हां कांचेखालीं जाई आणि झिजे, मोडे. मग दुसरें घ्यावें लागे. म्हणून दोन प्रती एकमेकींशीं तंतोतंत जुळत नाहींत. पुस्तक भागाभागानें निघे, आणि ज्यास मिळे तो आपल्या सोयीनें पानें लावून बांधून घेई. पहिल्या खंडांतील कांहीं चित्रें मनासारखीं नव्हतीं म्हणून बाईंनीं पुढें नवीं करून पाठविलीं आणि जुनीं काढून टाकण्यास सांगितलें. पुस्तक विक्रीस नव्हतेंच. तें शास्त्रज्ञ मित्रांस आणि विद्वत्‌संस्थांस भेट जाई.

येथें जरा थांबून त्या निळ्या रंगाविषयीं सांगितलें पाहिजे. ही आपली नीळ नव्हे. नीळ झाडापासून निघते. हा 'प्रशियन ब्ल्यू' अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें, दुसराच रंग करतां करतां, चुकून हातीं लागला. तेथून तो जगभर पसरला, जपानपर्यंत गेला. आणि १८३१ च्या सुमारास होकुसाई ह्या चित्रकारानें फूजी पर्वताच्या दृश्यमालेंत तो मुबलक वापरला. कानागावाजवळच्या समुद्रांतील ती प्रचंड लाट आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. तिचा निळा तो हाच. बारा वर्षांच्या अंतरानें, पृथ्वीच्या दोन टोकांस, समुद्राचीं दोन मुद्राचित्रें एकाच रसायनानें रंगलीं, हा निव्वळ योगायोग आहे, आणि त्यांतून फार मोठा सिद्धान्त काढूं नये. तुलना मात्र उद्बोधक आहे. होकुसाईनें रेखाटलें, दुसऱ्यानें लांकूड कोरलें, तिसऱ्यानें छापलें, प्रकाशक चौथा. आणि चित्रावर होकुसाईची सही ठळक आहे. त्याचा निळा रंग बुद्ध्या निवडलेला. बाईंचा रंग कृतीबरोबर आपोआप आला. लोखंडाच्या क्षारांनीं तांबडा रंग दिला असता तर पुस्तक तांबडें झालें असतें. असें असूनहि पान उघडलें कीं प्रथम मनांत पाणी येतें. पांढरें शेवाळ निळ्या खोलींत तरंगत आहे, असें डोळ्यांस वाटतें. तें सुकलेलें होतें, कोरड्या कागदावर कांचेखालीं दडपलेलें होतें, हें बुद्धीस माहीत असून डोळे ऐकत नाहींत.

पण ह्या निळ्यानेंच बाईंच्या शास्त्रीय हेतूचा घात केला, आणि ही गोष्ट त्यांचे चाहते सहसा बोलत नाहींत. शेवाळांचें वर्गीकरण रंगावरून करावें, त्यांचे तांबडे, पिंगट आणि हिरवे असे मोठे गट पाडावे, ही दृष्टि ह्याच हार्वेंनीं दिली. आणि हार्वेंच्या ग्रंथास सोबत म्हणून निघालेल्या ह्या पुस्तकांत तांबडें शेवाळ निळ्यावर पांढरें, पिंगट शेवाळ निळ्यावर पांढरें, हिरवेंहि निळ्यावर पांढरें! ज्या लक्षणावरून ओळखावयाचें तेंच लक्षण ठशांत उतरत नाहीं. ग्रंथिकांची, बीजकोशांची आंतरिक रचना सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीं, तीहि सावलींत येत नाहीं. इकडे बाई आपलीं पानें पुरीं करीत असतांनाच हार्वेंनीं १८४६ पासून दुसरा मोठा ग्रंथ काढावयास आरंभ केला आणि १८५१ पर्यंत तो पुराहि केला. त्यांत ३६० रंगीत चित्रफलक आहेत. म्हणजे ज्या उणीवेसाठीं बाईंनीं हें काम हातीं घेतलें ती उणीव त्यांचें काम संपण्यापूर्वींच दुसऱ्या कोणीं नव्हे, स्वतः मूळ ग्रंथकारानेंच भरून काढली.

अशा वेळीं शहाणा मनुष्य हातचें काम सोडतो. ॲट्किन्सबाईंनीं तें सोडलें नाहीं. १८५३ त शेवटचा भाग बाहेर पडेपर्यंत त्या कागद फाशीत आणि उन्हांत ठेवीत राहिल्या. त्याचें कारण त्यांनीं कोठें लिहिलेलें नाहीं. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, आरंभीं जें साधन होतें तें एव्हांना साध्य झालें होतें. हार्वेंचें पुस्तक शेवाळ कसें ओळखावें तें शिकवितें. बाईंचें पुस्तक, अमुक एक रोप, अमुक एका दिवशीं, येथें ह्या कागदावर होतें, याची साक्ष देतें. एका पानाखालीं जातीच्या नांवापुढें, हें रोप कोवळ्या अवस्थेंतलें आणि हें फळावर आलेलें, अशी नोंद आहे. जातीचें चित्र काढणारा दहा रोपें पाहून अकरावें, कोठेंच नसलेलें, आदर्श रोप काढतो. सावलीस तें करतां येत नाहीं.

टॉल्बट यांच्याशीं तुलना आतां करूं. त्यांच्या सचित्र ग्रंथाचा पहिला भाग जून १८४४ त निघाला, आणि पुष्कळ काळ 'पहिलें छायाचित्रयुक्त पुस्तक' हा मान त्यासच दिला जाई. बाईंचा पहिला भाग ऑक्टोबर १८४३ चा, म्हणजे आठ महिने आधींचा. टॉल्बट यांचा ग्रंथ विक्रीसाठीं प्रसिद्ध झाला आणि बाईंचा खासगी वांटला गेला, हा भेद खरा आहे. पण टॉल्बट यांची मालिका २४ चित्रें होऊन १८४६ त थांबली आणि बाईंची तडीस गेली, हेंहि तितकेंच खरें आहे. प्रथमपणाच्या अशा वादांत आम्हांस फारसें स्वारस्य नाहीं. परंतु आठ महिन्यांचें हें साधें गणित करावयास लोकांस शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, तो कां, हें पाहण्यासारखें आहे.

एक कारण उघड आहे. पुस्तक भेट म्हणून थोड्यांच्या घरीं गेलें, बाजारांत आलेंच नाहीं, आणि करणारी एक स्त्री. दुसरें कारण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. प्रस्तावनेखालीं सही आहे ती केवळ दोन अक्षरांची: 'ए. ए.'. अर्पणपत्रिका वडिलांच्या नांवें. बाकी प्रत्येक पानावर नांव आहे, पण तें शेवाळाचें, लॅटिन भाषेंतलें. ज्या कृतीचें सारें ब्रीदच करणाऱ्याचा हात दिसूं न देणें हें आहे, तींत नांव घालण्याची इच्छा मावळत गेली असावी. हें आम्ही स्तुति म्हणून म्हणत नाहीं. पुरुष शास्त्रज्ञ अशाच वस्तुनिष्ठेची प्रौढी मिरवीत असूनहि आपली सही विसरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. हर्शेल यांच्या कृतीस हर्शेल यांचें नांव जोडलेलेंच राहिलें.

१ जानेवारी १८५२ रोजीं चिल्ड्रेन वारले. बाईंस हा आघात फार मोठा होता. त्या उन्हाळ्यांत त्यांची बाळमैत्रीण ॲन डिक्सन, बहिणीसारखी, त्यांच्याजवळ येऊन राहिली. ही डिक्सनबाई माहेरची ऑस्टेन, कादंबरीकर्त्री जेन ऑस्टेन हिच्या दूरच्या नात्यांतली. दोघींनीं मिळून पुढें ह्याच कृतीनें नेचे, फुलझाडें, पिसें यांचे ठसे काढले. १८५३ आणि १८५४ सालचे त्यांचे संग्रह उपलब्ध आहेत. १८५३ तच बाईंनीं वडिलांचें चरित्र खासगी छापून वांटलें. समुद्र मात्र त्यानंतर मागें पडला. नेच्यांचीं पानें शेवाळांहून अधिक सफाईदार आहेत. आम्हांस तीं तितकीं आवडत नाहींत. नेचा जमिनीवरहि आपला आकार धरून असतो, त्यास निळ्या पाण्याची गरज नाहीं.

दरम्यान छापखानेवाल्यांनाहि वस्तूचाच ठसा घेण्याची कल्पना सुचली होती. पोलादाच्या आणि शिशाच्या पत्र्यांमध्यें झाड दाबून शिशावर त्याचा खळगा उठवावयाचा, आणि त्यावरून छापावयाचें, अशी कृति व्हिएन्नाहून लंडनला आली. हेन्री ब्रॅडबरी या मुद्रकानें तिनें छापलेला जॉन्स्टन आणि क्रोल यांचा शेवाळांवरील चार खंडांचा ग्रंथ १८५९-६० त निघाला. रंगीत, देखणा, आणि विकत मिळणारा. हाल्स्टेडच्या निळ्या पानांची आठवण कोणास राहावी?

१८६५ त बाईंनीं आपला वनस्पतिसंग्रह ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. ९ जून १८७१ रोजीं हाल्स्टेड येथें त्या वारल्या. १८८९ त ग्लासगोचे विल्यम लँग यांनीं ह्या कृतीविषयीं व्याख्यान देतांना ह्या पुस्तकाचा उल्लेख केला. 'ए. ए.' हीं अक्षरें कोणाचीं, हें त्यांस ठाऊक नव्हतें. एखाद्या अनामिक हौशी मनुष्याचीं तीं असावींत, असा त्यांनीं तर्क केला, कारण त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरेंहि तींच. पुढें लँग यांस खरें नांव समजलें. तथापि जगास तें नीट माहीत होण्यास आणखी पाऊणशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९७० नंतर लॅरी शाफ यांनीं जुनीं पत्रें, प्रती आणि दप्तरें धुंडाळून बाईंचें जीवन जुळविलें, आणि १८४३ ते १८५३ च्या त्या कामावर त्यांचें पुस्तक १९८५ त निघालें. त्यानंतर मोठमोठ्या संग्रहालयांनीं आपापल्या प्रती कपाटांतून बाहेर काढल्या. हर्शेल यांस बाईंनीं भेट दिलेली प्रत आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहे.

ह्या प्रती पाहणाऱ्यांचें लक्ष साहजिकच शेवाळांवर खिळतें. पण ग्रंथाच्या आरंभींचीं मजकुराचीं पानेंहि जरूर पाहावींत. तींहि निळींच आहेत. छापखान्याचा एकहि खिळा न वापरतां प्रस्तावना, सूची, सर्व बाईंनीं हातानें शाईनें कागदावर लिहिलें, आणि तो कागद शेवाळाप्रमाणेंच कांचेखालीं ठेवून उन्हांत धरला. शाईनें प्रकाश अडविला, म्हणून अक्षरें पांढरीं आलीं. मुखपृष्ठावरील अक्षरें तर शेवाळाच्या तंतूंचींच केलेलीं वाटतात. प्रत्येक चित्राखालींहि जातीचें नांव त्याच हस्ताक्षरांत आहे; कांहीं ठिकाणीं ओळ जरा वर चढते, कोठें शेवटचीं अक्षरें दाटीनें बसविलेलीं आहेत. आणि प्रस्तावनेच्या शेवटीं तीं दोन अक्षरें, तशींच पांढरीं, पूर्ण नांवास पुरेल एवढी जागा पुढें मोकळी सोडून.